वाचकांचे प्रश्न : लिस्पमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवताना कोण कोणाची वाट पाहते?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. चौघेही कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेची एसबीसीएल ही आवृत्ती वापरतात आणि चौघांचीही अडचण दुसरा प्रोग्रॅम चालवून त्याला माहिती देण्याची किंवा त्याच्याकडून ती घेण्याची आहे. फंक्शनांची व कीवर्डची नावे, आणि नमुन्यातले आकडेही, सदराच्या पद्धतीप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर टंकताना ते सारे अर्थातच रोमन लिपीत लिहावे.

प्रश्न : मी बाहेरचा प्रोग्रॅम चालवणारे रन-प्रोग्रॅम हे फंक्शन वापरून गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, लॉग वाचतो. आउटपुटला स्ट्रीम हे मूल्य देतो आणि नंतर प्रोसेस-आउटपुटमधून ओळी वाचतो. लहान प्रकल्पांवर हे व्यवस्थित चालते. मोठ्या प्रकल्पावर मात्र प्रोग्रॅम कायमचा अडकतो. एरर येत नाही, प्रोसेसरवर भारही दिसत नाही. गिटमध्ये दोष असावा का?

उत्तर : गिट निर्दोष आहे, आणि एसबीसीएलही तुम्ही सांगितले तेच करत आहे. तुम्ही वेट या कीवर्डला काहीच मूल्य दिलेले नाही, आणि ते न दिल्यास टी (लिस्पमधले "होय") धरले जाते, म्हणजे बाहेरचा प्रोग्रॅम संपेपर्यंत रन-प्रोग्रॅम परतच येत नाही. तुमची वाचणारी ओळ त्यानंतरची. तोपर्यंत गिट जे लिहितो ते कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, पाइपमध्ये (दोन प्रोग्रॅमांना जोडणाऱ्या नळीत) साठत राहते, आणि लिनक्सवर या पाइपची नेहमीची क्षमता ६५,५३६ बाइट असते. पाइप भरला की कर्नल गिटला लिहिण्याच्या जागीच थांबवून ठेवतो. आता गिट थांबला आहे तुम्ही वाचाल म्हणून, आणि तुम्ही थांबला आहात गिट संपेल म्हणून. दोघेही झोपलेले, त्यामुळे प्रोसेसरवर भार नाही. नियमाविरुद्ध कोणीच वागलेले नाही, त्यामुळे एररही नाही.

याची खात्री गिटशिवायही करून घेता येते. एकाखाली एक आकडे छापणारा सेक हा छोटा प्रोग्रॅम घ्या. १ ते १०,००० हे आकडे, प्रत्येकामागचे ओळ संपवणारे चिन्ह धरून, ४८,८९४ बाइट होतात. ते पाइपमध्ये मावतात आणि तुमचा कोड बिनतक्रार चालतो. १ ते २०,००० चे १,०८,८९४ बाइट होतात आणि तोच कोड अडकतो. हिशेब आणखी ताणायचा तर १२,७७३ पर्यंतचे आकडे ६५,५३२ बाइटांत बसतात आणि पुढच्या एका आकड्याने दोन बाइट जास्त होतात. "काल चालत होते, आज चालत नाही" अशा तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असते की काल माहिती थोडी कमी होती. रात्री आपोआप चालणारा माझा एक अहवाल कित्येक महिने सुरळीत चालून एके दिवशी सकाळपर्यंत तसाच लटकलेला सापडला, तेव्हा मी आधी नेटवर्क तपासले, मग डिस्क तपासली, आणि स्वतःच्या कोडकडे सर्वांत शेवटी पाहिले.

दुरुस्ती अशी :

(लेट* ((प्र (रन-प्रोग्रॅम "सेक" '("१" "२००००")
:सर्च टी :आउटपुट :स्ट्रीम :वेट निल))
(स्ट्री (प्रोसेस-आउटपुट प्र)))
(लूप फॉर ओळ = (रीड-लाइन स्ट्री निल)
व्हाइल ओळ डू (ओळ-तपासा ओळ))
(प्रोसेस-वेट प्र)
(प्रॉग१ (प्रोसेस-एक्झिट-कोड प्र)
(प्रोसेस-क्लोज प्र)))

येथे सारे महत्त्व क्रमाला आहे. वेटला निल (लिस्पमधले "नाही") दिल्यामुळे रन-प्रोग्रॅम लगेच परत येते, मग स्ट्रीम संपेपर्यंत वाचायचे, त्यानंतरच प्रोसेस-वेट. ही ओळ वाचनाच्या वर नेलीत तर पुन्हा पहिल्याच खड्ड्यात पडाल, फक्त या वेळी खड्डा तुम्ही स्वतः खणलेला असेल. शेवटी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा, आधी विचारायचा आणि प्रोसेस-क्लोज नंतर करायचे, कारण क्लोज केल्यावर एसबीसीएल त्या प्रोसेसच्या स्थितीची नोंद ठेवणे सोडून देते. क्लोज मुळीच न करणे मात्र महागात पडते : प्रत्येक उघड्या पाइपमागे एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीला किंवा पाइपला मिळणारा क्रमांक) अडकून राहतो, आणि एका प्रोसेसला किती डिस्क्रिप्टर मिळावेत यावर मर्यादा असते, जी बऱ्याच लिनक्स यंत्रांवर १,०२४ असते. ओळ तपासताना तुमच्याच फंक्शनमध्ये एरर येण्याचा संभव असेल, तर हे सगळे अनवाइंड-प्रोटेक्टमध्ये, जे एरर आली तरी सफाई करतेच, गुंडाळून सफाईच्या भागात प्रोसेस-किल आणि प्रोसेस-क्लोज ठेवावे.

सगळे आउटपुट एका स्ट्रिंगमध्येच हवे असेल तर याहून सोपा मार्ग आहे. विथ-आउटपुट-टू-स्ट्रिंगने केलेली स्ट्रीम आउटपुटला थेट द्यावी आणि वेट तसेच राहू द्यावे. ज्या स्ट्रीममागे फाइल डिस्क्रिप्टर नाही अशी लिस्पची स्ट्रीम दिली की एसबीसीएल दोहोंच्या मध्ये एक पाइप घालते आणि प्रोग्रॅम संपण्याची वाट पाहतानाच तो पाइप स्वतः उपसत राहते, म्हणून येथे अडकायला होत नाही. मात्र याच रूपाबरोबर वेटला निल देऊ नये. उपसण्याचे काम एसबीसीएलच्या घटना हाताळणाऱ्या लूपमध्ये होते, आणि तुमचा कोड त्या लूपकडे फिरकलाच नाही तर स्ट्रिंग रिकामी राहते. आउटपुट फारच मोठे असेल तर ते सरळ फाइलमध्ये पाठवावे आणि इफ-आउटपुट-एक्झिस्ट्सला सुपरसीड द्यावे, म्हणजे कालची फाइल आडवी येणार नाही.

तुमच्या पत्रात एरर या नावाच्या कीवर्डचा उल्लेख नाही, तरी त्याविषयी सांगायला हवे, कारण पुढची ठेच तिथेच लागते. एरर या कीवर्डला काही दिले नाही तर निल धरले जाते आणि बाहेरच्या प्रोग्रॅमची सारी कुरकुर मुकाट्याने फेकून दिली जाते. मग आउटपुट रिकामे का, हे कोडेच राहते. ती कुरकुर हवी म्हणून एररलाही स्ट्रीम दिलीत तर आता दोन पाइप झाले. तुम्ही पहिला शेवटपर्यंत वाचत बसलात आणि प्रोग्रॅमने दरम्यान दुसरा भरून टाकला, की पुन्हा तेच. एररला आउटपुट हे मूल्य देऊन दोन्ही प्रवाह एकत्र करणे हा माझा पहिला पर्याय. ते वेगळेच हवे असतील तर एरर फाइलमध्ये पाठवावे, किंवा तो पाइप वाचण्यासाठी वेगळा थ्रेड (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा धागा) ठेवावा. कॅटसारख्या, वाचता वाचता लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला मोठे इनपुट देतानाही हाच विचार करावा लागतो : तुम्ही लिहीतच राहिलात आणि त्याचे उत्तर वाचले नाही, तर आधी त्याचा आउटपुटचा पाइप भरतो, मग तो वाचणे थांबवतो, मग तुमचा इनपुटचा पाइप भरतो.

प्रश्न : सी भाषेत लिहिलेला माझा एक छोटा प्रोग्रॅम आकडा वाचतो आणि त्याचा वर्ग छापतो. टर्मिनलवर तो तत्काळ उत्तर देतो. लिस्पमधून इनपुट आणि आउटपुट दोन्हींना स्ट्रीम आणि वेटला निल देऊन मी त्याला आकडा पाठवतो, तर रीड-लाइनवर सारे थांबते. पाइप भरण्याइतकी माहिती तर येथे नाही.

उत्तर : बरोबर, येथे पाइप भरलेला नाही, तो रिकामा आहे. माहिती पाइपच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेतरी साचली आहे, आणि तशा जागा दोन आहेत.

पहिली जागा तुमच्या बाजूची. लिस्पची स्ट्रीम लिहिलेले लगेच पुढे ढकलत नाही, स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवते. आकडा लिहून झाल्यावर ओळ संपवणारे चिन्ह लिहा आणि मग प्रोसेस-इनपुटवर फिनिश-आउटपुट बोलवा. फोर्स-आउटपुटनेही काम होते, पण ते ढकलायला सुरुवात करून परत येते, तर फिनिश-आउटपुट माहिती खरोखर गेली की परत येते. अशा दुतर्फी बोलण्यात मी फिनिश-आउटपुटच वापरतो.

दुसरी जागा सीच्या लायब्ररीत आहे, आणि तुमचा प्रोग्रॅम टर्मिनलवर एक आणि लिस्पमध्ये दुसरे का वागतो याचे कारण तिथेच सापडते. लिनक्सवर नेहमी असणारी ग्लिबसी ही लायब्ररी प्रोग्रॅमचे आउटपुट कुठे जोडले आहे ते पाहते. समोर टर्मिनल असेल तर प्रत्येक ओळीनंतर बफर रिकामा केला जातो. पाइप किंवा फाइल असेल तर बफर पूर्ण भरल्यावर किंवा प्रोग्रॅम संपताना. तुमच्या प्रोग्रॅमने वर्ग काढला आहे, प्रिंटएफही बोलावले आहे, पण ते चार आकडे त्याच्याच पोटात आहेत आणि तो पुढच्या आकड्याची वाट पाहत बसला आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रीड-लाइनमध्ये किंवा लिस्पच्या बाजूला कोठेही कितीही फेरफार केले तरी उपयोग नाही. एररचा प्रवाह मात्र सीमध्ये असा साठवला जात नाही, आणि म्हणूनच कधी कधी तक्रारी आधी आणि त्यांच्या आधीचे आउटपुट नंतर अशी उलटी रांग दिसते.

प्रोग्रॅम तुमचाच असल्यामुळे उपाय सोपा आहे : प्रत्येक उत्तरानंतर एफफ्लश बोलवा, किंवा सुरुवातीलाच सेटव्हीबफने ओळीगणिक बफर रिकामा करायला सांगा. प्रोग्रॅम दुसऱ्याचा असता तर तो ग्नूच्या एसटीडीबफ या साधनातून, ओएल हा पर्याय देऊन, चालवता आला असता. पण हे साधन सीच्या लायब्ररीतून लिहिणाऱ्या आणि स्वतः बफर न ठरवणाऱ्या प्रोग्रॅमांवरच चालते. पायथॉनच्या प्रोग्रॅमला यू हा पर्याय देतात.

शेवटचा उपाय म्हणजे पीटीवाय या कीवर्डला टी देऊन त्याच्यापुढे खोटे टर्मिनल उभे करणे. तो मी शेवटीच ठेवतो, कारण खोटे टर्मिनल खऱ्या टर्मिनलच्या सगळ्या खोडी घेऊन येते. तुम्ही पाठवलेला आकडा प्रतिध्वनीसारखा तुमच्याकडेच परत येतो आणि उत्तराच्या आधी वाचला जातो. ओळीच्या शेवटी एका चिन्हाऐवजी दोन चिन्हे येतात. लिनक्सवर टर्मिनलच्या नेहमीच्या रीतीत इनपुटची एक ओळ ४,०९६ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी पीटीवायला पर्याय नसतो, पण वर्ग काढण्यासाठी एवढा खटाटोप नको.

ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टसारख्या प्रोग्रॅमला यातले काहीच पुरत नाही. शेवटची ओळ आल्याशिवाय पहिली कोणती हे त्याला कळणारच नाही, म्हणून त्याला इनपुट संपल्याचे कळवावे लागते, आणि ते प्रोसेस-इनपुट क्लोज केल्यानेच कळते.

प्रश्न : मी मराठी शब्दांची यादी एका बाहेरच्या प्रोग्रॅममधून घेऊन प्रत्येक शब्दाची लांबी मोजतो. टर्मिनलवरून चालवल्यास "मराठी" या शब्दाची लांबी ५ येते. हाच कोड क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, रात्री चालला की १५ येते. दोन्ही वेळा फाइल तीच असते.

उत्तर : १५ हा आकडाच उत्तर सांगतो. म, र, आकाराचा काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. नुसता म म्हणजे २२४, १६४, १७४ हे तीन बाइट. टर्मिनलवर एसबीसीएलने तीन-तीन बाइटांचे एक अक्षर केले, रात्री मात्र प्रत्येक बाइट हेच एक अक्षर मानले, म्हणजे मजकूर लॅटिन-१ समजून वाचला. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ असतो, त्यामुळे चूक होऊनही एरर येत नाही. चुकीचे अक्षर निमूटपणे मिळते.

क्रॉन प्रोग्रॅमला अगदी तुटपुंजे एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला सुरुवातीला मिळणारी मूल्यांची यादी) देतो आणि त्यात तुमच्या टर्मिनलचे लँग हे, भाषा व अक्षरसंकेत सांगणारे, मूल्य सहसा नसते. एसबीसीएलच्या जुन्या आवृत्त्या या मूल्यावरून अक्षरसंकेत ठरवत आणि ते नसले की लॅटिन-१ धरत. अलीकडच्या आवृत्त्यांत यूटीएफ-८ हेच गृहीत आहे, तेव्हा तुमची आवृत्ती जुनी असणार. आवृत्ती बदला, पण तिच्यावरही विसंबू नका : रन-प्रोग्रॅमला एक्स्टर्नल-फॉरमॅट हे कीवर्ड देऊन यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. बाहेरचा प्रोग्रॅम अधूनमधून मोडके बाइट पाठवत असेल, तर त्याच जागी रिप्लेसमेंट म्हणून प्रश्नचिन्ह देता येते, म्हणजे एका खराब ओळीपायी रात्रीचे सगळे काम थांबत नाही. हे कीवर्ड स्ट्रीमपुरतेच आहे. प्रोग्रॅमला दिलेल्या आर्ग्युमेंटमध्ये मराठी असेल तर मुळातले अक्षरसंकेताचे मूल्यच बरोबर असावे लागते.

काही जण यावर एन्व्हायर्नमेंट या कीवर्डने लँग पाठवायला जातात. त्याने बाहेरच्या प्रोग्रॅमचे वागणे बदलेल, तुमच्या लिस्पचे नाही. शिवाय ते कीवर्ड आहे त्यात भर घालत नाही, सगळी यादीच बदलते : एकच मूल्य दिलेत तर पाथ, होम सारे नाहीसे होते. म्हणून पॉझिक्स-एन्व्हायरॉनने मिळणारी यादी घ्यावी, तिच्यातली लँगची जुनी नोंद काढावी आणि आपली नवी जोडावी.

जाता जाता, तुम्ही हीच यादी पुढे सॉर्टकडे देणार असाल तर एक पाहून ठेवा. लोकॅल (भाषेची मांडणी) सी असताना सॉर्ट बाइटांच्या क्रमाने लावतो, आणि यूटीएफ-८ मध्ये तो क्रम युनिकोडच्या क्रमांकांचाच असतो. युनिकोडने ळ हा ल आणि व यांच्या मध्ये ठेवला आहे. आपली वर्णमाला त्याला ह नंतर बसवते. शब्दकोशासाठी यादी लावायची असेल तर हा फरक तुम्हाला लिस्पमध्येच, स्वतःच्या तुलना करणाऱ्या फंक्शनने, मिटवावा लागेल.

प्रश्न : माझ्याकडे नावात मोकळी जागा असलेल्या फाइली आहेत. रन-प्रोग्रॅममध्ये नाव अवतरणात घालावे का? आणि ताराचिन्ह दिले तर फाइलींत शब्द शोधणारा ग्रेप "अशी फाइल नाही" असे का म्हणतो? हाच कोड दुसऱ्या लिस्पवरही चालावा अशी इच्छा आहे.

उत्तर : अवतरण घालू नका. रन-प्रोग्रॅम वाटेत शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञांचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम, आणत नाही. यादीतली प्रत्येक स्ट्रिंग जशीच्या तशी एक आर्ग्युमेंट म्हणून पोहोचते, त्यामुळे मोकळी जागा निर्धोक असते आणि जादा अवतरण नावाचाच भाग होऊन बसते. ताराचिन्हाचा विस्तार शेल करत असतो. शेलच नसल्याने ग्रेप खरोखर ताराचिन्ह नावाची फाइल शोधतो. लिस्पच्या डिरेक्टरी या फंक्शनने फाइलींची यादी काढून ती द्यावी.

दुसऱ्या लिस्पचे म्हणाल तर कॉमन लिस्पच्या १९९४ च्या अँसी मानकात बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही. एसबीसीएल १९९९ मध्ये सीएमयूसीएल या दुसऱ्या लिस्पपासून वेगळी झाली आणि रन-प्रोग्रॅम तिकडूनच घेऊन आली; सीसीएल, ईसीएल या इतर लिस्पांचीही याच नावाची फंक्शने आहेत, पण बारकावे ज्याचे त्याचे. म्हणून एएसडीएफ या लिस्पचे प्रकल्प जुळवणाऱ्या साधनाबरोबर येणारी यूआयओपी ही लायब्ररी वापरावी. तिच्या रन-प्रोग्रॅमला आउटपुटसाठी स्ट्रिंग किंवा लाइन्स सांगता येते, आणि दोन्ही प्रवाह मागितले तर गरजेप्रमाणे तात्पुरत्या फाइली वापरून पहिल्या प्रश्नातली कोंडी ते स्वतःच टाळते. मात्र त्याला आज्ञा एका सलग स्ट्रिंगमध्ये दिलीत तर ती शेलकडे जाते आणि तुमच्या मोकळ्या जागा पुन्हा डोके वर काढतात, यादीच द्यावी.

आणखी एक फरक तुम्हाला ग्रेपमुळे लगेच जाणवेल. एसबीसीएलचे रन-प्रोग्रॅम एक्झिट कोड शून्य नसला तरी गप्प राहते, तो तुम्ही विचारायचा असतो. आणि प्रोसेस-स्टेटस सिग्नल्ड (सिग्नल पाठवून थांबवलेला) असेल तर तोच आकडा सिग्नलचा क्रमांक असतो, म्हणजे ९ आले तर प्रोग्रॅमला कोणीतरी मारले असे समजावे. यूआयओपी मात्र शून्य नसलेल्या कोणत्याही कोडवर सबप्रोसेस-एरर उठवते. ग्रेपला शब्द सापडला नाही तर तो १ देतो आणि खरी चूक झाली तर २, त्यामुळे निव्वळ "सापडले नाही" एवढ्यानेही तुमचा प्रोग्रॅम डीबगरमध्ये जाईल. इग्नोर-एरर-स्टेटसला टी द्या, परत येणाऱ्या तीन मूल्यांपैकी तिसरे पाहा, आणि १ व २ यांचा निवाडा स्वतः करा.